गंगाधररावांचे नाव कुठल्या रकान्यात?

शाळेत बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचा विषय मी एका वाक्यात उरकत असे: गांधीजी अध्यक्ष झाले ते एवढेच अधिवेशन, १९२४. एकदा एका मुलाने विचारले, "सर, ते अधिवेशन मराठी होते की कानडी?" वर्ग हसला. मला उत्तर सुचेना.

संगणकाशी माझे सख्य बेताचेच. भाच्याने गांधी हेरिटेज पोर्टल उघडून दिले. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे इंग्रजीतले शंभर खंड तिथे घरबसल्या वाचता येतात. २६ डिसेंबरचे अध्यक्षीय भाषण सापडले. पण त्यात चरखा, हिंदू-मुस्लिम ऐक्य, अस्पृश्यता. मुलाच्या प्रश्नाला उत्तर नाहीच!

ते मिळाले माणसांत. स्वागताध्यक्ष होते हुदलीचे गंगाधरराव देशपांडे. लोकमान्यांचे अनुयायी, बिरुद 'कर्नाटक सिंह', आणि आत्मचरित्र 'माझी जीवनकथा' मराठीत! स्वागतगीत गाणाऱ्यांत होती पुढे किराणा घराण्यात नावाजलेली लहानगी गंगूबाई हनगळ. त्याच दिवसांत, त्याच गावी सिद्दप्पा कंबळी यांच्या अध्यक्षतेखाली कर्नाटक एकीकरण परिषदही भरली. हे आमच्याकडे फारसे कुणी सांगत नाही, आणि गंगाधररावांचे मराठी पुस्तक तिकडे फारसे कुणी काढत नाही.

मग मुलांना टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवर नेले. अधिवेशनाच्या पाण्यासाठी ती खणली होती. परतल्यावर फळ्यावर दोन रकाने आखले, मराठी आणि कानडी. गंगाधररावांचे नाव कुठे लिहायचे, यावर इतका वाद झाला की घंटा झाली तरी खडू माझ्या हातातच होता.