पैशाने संघ जगतो?

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात गावोगाव कबड्डीची मंडळे आहेत, आणि त्यांच्याविषयीचे एक मत इतके रुळले आहे की ते कोणी तपासूनही पाहत नाही. मत असे: वर्गणीवर चालणाऱ्या गावच्या संघाला भवितव्य नाही, खोपोलीकडचा एखादा कारखानदार किंवा फार्महाउसवाला बिल्डर पाठीशी उभा राहिला तरच तो टिकेल. दाखला म्हणून २०१४ पासूनची प्रो कबड्डी पुढे केली जाते. पैसा आला आणि खेळाचे सोने झाले, मग मंडळाचे का होऊ नये?

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. मॅटला, बुटांना, प्रवासाला पैसा लागतो. भातशेतीवर आणि कंत्राटी पगारावर जगणाऱ्या घरांतून तो निघून निघून किती निघणार? पण खेळ वाढणे वेगळे आणि संघ टिकणे वेगळे. या दोन गोष्टी एकत्र कालवल्या की वरचे मत तयार होते.

संघ कशाने टिकतो हे ठरवायला व्यावसायिक कबड्डी अजून फार कोवळी आहे. फुटबॉलचा पुरावा जुना आहे आणि घरचाही आहे. मुंबईत महिंद्राचा संघ १९६२ पासून होता. २००५-०६ मध्ये त्याने राष्ट्रीय लीग जिंकली; २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. पुणे एफसी २००७ मध्ये निघाला आणि २०१५ नंतर उरला नाही. मुंबई एफसी २००७ ते २०१७. पुणे सिटी २०१४ ते २०१९. प्रत्येकाच्या मागे तालेवार भांडवल होते. पैसा नसल्याने संघ मरतो म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

आता कोल्हापूर. तिथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल जवळ केला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे आजही संघांची आहेत आणि पेठांतल्या घरांचीही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील समोरासमोर आले की शहर दुभंगते. तिथे हुल्लडबाजी आहे, बाहेरचे खेळाडू पैसे मोजून आणण्याची चढाओढही आहे. कोल्हापूरचे गोडवे गाणारे हे सोयीस्करपणे गाळतात. राष्ट्रीय लीगचा चषकही त्यांच्याकडे नाही. पण मुंबई-पुण्याचे चारही संघ गेले, आणि तालमी मात्र मैदानात आहेत.

‘कोल्हापूरची गोष्टच वेगळी’ असे यावर हमखास ऐकायला मिळते. म्हणून स्कॉटलंड. तिथल्या खालच्या श्रेणीतल्या संघांचे इतिहास या वादात फार कामाचे आहेत, कारण तिथे दोन्ही प्रयोग पुरेपूर होऊन गेले आहेत.

ग्रेट्ना हे इंग्लंडच्या सीमेलगतचे जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव. ब्रुक्स माइलसन या धनाढ्याने तिथल्या संघात पैसा ओतला. २००६ मध्ये संघ स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला, पेनल्टींवर हरला. २००७ मध्ये थेट सर्वोच्च श्रेणीत गेला. २००८ च्या आरंभी माइलसन आजारी पडले, पैसा थांबला आणि त्याच वर्षी संघ बुडाला. आपल्याकडच्या मताप्रमाणे गोष्ट इथेच संपायला हवी. पण पाठीराख्यांनी त्याच वर्षी नवा संघ काढला आणि खालच्या पायरीवर पुन्हा खेळायला सुरुवात केली. धनी गेल्यावर जे शिल्लक राहिले, त्यातूनच तो उभा राहिला.

दुसरे टोक क्वीन्स पार्क. ग्लासगोचा हा संघ १८६७ चा. १८७२ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यात स्कॉटलंडचे अकराही खेळाडू याच संघाचे होते. स्कॉटिश चषक त्याने दहा वेळा जिंकला, शेवटचा १८९३ मध्ये. व्यावसायिक फुटबॉल आल्यावर तो मागे पडला आणि १९५८ नंतर सर्वोच्च श्रेणीत कधीच दिसला नाही. पण २०१९ पर्यंत, म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ, खेळाडूंना पगार न देता तो चालला. लिव्हरपूलकडून खेळलेला अँडी रॉबर्टसन तिथूनच पुढे आला.

प्रतिपक्ष २०१९ वर बोट ठेवील: शेवटी पगार सुरू केलेच ना? केले, पण सभासदांनी मतदान करून केले. मी पैशाविरुद्ध बोलत नाही. पैसा कोणाच्या हुकमाने येतो आणि जातो, एवढाच माझा मुद्दा आहे. वर्गणीदार रुसला तर दुसऱ्या वर्षी पुन्हा येतो, कारण त्याचा पुतण्या चढाईला जात असतो. प्रायोजकाला तसे बंधन नाही. उत्सवातल्या एका रात्रीच्या स्पर्धेला कमानभर बॅनर आणि पाचआकडी बक्षीस मिळते, त्याला माझी हरकत नाही. फक्त त्याला संघाचा आधार म्हणू नये.

मग मंडळांना खरा धोका कुठून आहे? इथे ग्लासगोचाच थर्ड लॅनार्क आठवावा. १८७२ चा, १९०४ चा लीग विजेता. १९६०-६१ मध्ये शंभर गोल करून लीगमध्ये तिसरा. सहाच वर्षांत, १९६७ मध्ये, तो संपला, आणि तोही कारभाराच्या घोटाळ्याने. त्याचे कॅथकिन पार्क आज सार्वजनिक उद्यान आहे, प्रेक्षकांच्या पायऱ्या अजून शाबूत. तिथे मैदान राहिले, संघ गेला. कर्जत-खालापुरात मला उलटी भीती वाटते. दुसऱ्या घरांच्या प्रकल्पांनी जमिनीचे भाव चढवले आहेत, आणि जिथे पोरे सराव करतात ती जागा बहुधा गुरचरण, गावठाणाची पडीक, नाहीतर कोणाच्या तरी भल्यापणावर चाललेले कापणीनंतरचे शेत असते. प्रायोजकाच्या दारात जाण्याआधी मंडळाच्या कारभाऱ्यांनी तलाठ्याकडे जाऊन त्या जागेचा सातबारा कोणाच्या नावावर आहे ते पाहिलेले बरे.