झूंबिनींची तर्कयात्रा

कोडी घालणे हा आपल्याकडील जुना घरगुती खेळ. दिवाळीच्या सुट्टीत मुले एकत्र जमली की एकाने कोडे घालावे व बाकीच्यांनी डोके खाजवावे, हे ठरलेलेच. आजचे मूल मात्र पुष्कळदा पडद्यासमोर बसलेले आढळते आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या आठ्या अगदीच अस्थानी असतात असे नव्हे. परंतु पडद्यावरील एका खेळाची हकीकत ऐकली तर त्या थोड्या सैल होतील.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे गणित व विज्ञान यांच्या शिक्षणासाठी झटणारी 'टर्क' नावाची संस्था आहे. तिची स्थापना १९६५ सालची. तेथील क्रिस हॅनकॉक यांनी मुलांना माहितीची वर्गवारी हाताळून पाहता यावी म्हणून 'टेबलटॉप' हे साधन तयार केले होते. पुढे त्यांनी आणि स्कॉट ऑस्टरवाइल यांनी त्याच विचाराला गोष्टीचे रूप दिले व १९९६ साली 'ब्रॉडरबंड' या प्रकाशकांनी तो खेळ तबकडीवर बाजारात आणला. तीच ही झूंबिनींची यात्रा.

झूंबिनी म्हणजे निळ्या अंगाचे चिमुकले जीव. त्यांच्या सुखी बेटावर 'ब्लोट' नावाचे लोक व्यापार वाढवून देतो म्हणून शिरतात आणि बघता बघता धनी होऊन बसतात. ईस्ट इंडिया कंपनी ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही! मग सोळा-सोळा झूंबिनींचे तांडे नव्या गावाच्या शोधात निघतात. केस, डोळे, नाक आणि पाय या चारांचे प्रत्येकी पाच प्रकार. म्हणजे पाच चार वेळा मांडून गुणले की ६२५ निरनिराळे झूंबिनी होतात.

वाटेत एक दरी लागते. तिच्यावर दोन पूल असून समोरच्या कड्यांना काही झूंबिनींचे वावडे आहे. नको असलेला पाहुणा आला की कडा फटकन शिंकतो, बिचारा अलीकडे येऊन पडतो आणि पुलाची एक खुंटी निखळते. वावडे कशाचे, हे कोणी सांगत नाही. मागे आला तो चष्म्यामुळे की टोपीमुळे? मूल मग टोपीवाला, पण बिनचष्म्याचा, असा गडी पाठवून पाहते. शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत याहून वेगळे काय करतो?

बेरीज-वजाबाकीची उदाहरणे या खेळात नाहीत. तरीही हे गणितच आहे. काठिण्याच्या चार पायऱ्यांपैकी पहिलीचेच नाव 'तितकेसे सोपे नाही' असे आहे. मागे राहिलेला झूंबिनी मरत नाही. तो मुक्कामी थांबतो व पुढच्या तांड्याबरोबर निघतो. आपल्या वह्यांत चूक म्हणजे तांबडी फुली आणि तेथेच शेवट. येथे मात्र प्रत्येक शिंक काहीतरी शिकवून जाते.

१९९८ साली ब्रॉडरबंड कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. यंत्रे बदलली आणि जुन्या तबकड्या नव्या संगणकांवर चालेनाशा झाल्या. खेळ विस्मृतीत जावयाचा. पण २०१५ साली टर्कने चाहत्यांच्या वर्गणीचा हातभार घेऊन तो नव्या यंत्रांसाठी पुन्हा उभा केला.

पडदा आता घरात आलाच आहे. तो मुलाला नुसते बसवून ठेवतो की विचार करावयास लावतो, एवढेच पाहणे आपल्या हाती उरते. आणि जमल्यास, शेजारी बसून त्या शिंकेचे कारण शोधणे!