परीटघडी

मराठीत ‘परीटघडी’ असा एक शब्द आहे. परटाकडून धुऊन, खळ देऊन, इस्त्री करून आलेल्या वस्त्राची न मोडलेली घडी, हा त्याचा सरळ अर्थ. पण परीटघडीचा मनुष्य म्हटले की त्यात थोडा आदर येतो आणि थोडा उपहासही. ज्याची घडी मोडलेली नाही त्याला अंगमेहनत करावी लागलेली नाही, हे ऐकणारा मनात समजतो. कपड्यावरच्या एका रेषेला एवढा अर्थ यावा, हे नवलच.

ही हौस मात्र फार जुनी आहे. इजिप्तमधील तरखान येथील उत्खननात १९१३ साली मळक्या कापडांचे एक गाठोडे सापडले. ते लंडनला गेले आणि तसेच पडून राहिले. १९७७ साली स्वच्छ करण्यासाठी ते उघडले, तेव्हा त्यात अळशीच्या धाग्याचे एक अंगवस्त्र निघाले. त्याच्या बाह्यांवर व छातीवर सुरीच्या धारेसारख्या बारीक चुण्या होत्या. पुढे झालेल्या काळमापनाने त्याचे वय पाच हजार वर्षांहून अधिक ठरले. म्हणजे पिरॅमिड उभे राहण्यापूर्वी कोणीतरी बसून त्या चुण्या घातल्या होत्या.

घडी बसते कशी आणि मोडते कशी, याचे मर्म पाण्यात आहे. कापसाचा तंतू सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचा बनलेला असतो आणि त्या साखळ्या एकमेकींना दुबळ्या बंधांनी धरून असतात. कापड ओले झाले की पुष्कळसे बंध सुटतात. उष्णतेने पाणी उडाले की साखळ्या असतील त्या स्थितीत पुन्हा जुळतात. परीट इस्त्रीपूर्वी पाण्याचा हबका मारतो तो याचसाठी. पण जे पाणी घडी बसविते तेच ती मोडते. घाम आला, पावसाळी हवा लागली, की सकाळची धार दुपारी ढिली पडते. यावर उपाय एकच होता, तो म्हणजे खळ. तांदळाची, गव्हाची वा मक्याची खळ कापडात मुरते, इस्त्रीखाली वाळते आणि तंतूंभोवती एक ताठ कवच होऊन बसते.

खळ म्हणजे अन्न, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. सोळाव्या शतकात इंग्लंडच्या खानदानी मंडळींना गळ्याभोवती चुणीदार, ताटाएवढ्या कॉलरी घालण्याचे वेड लागले. १५६४ साली डिंगेन व्हॅन डेर प्लास नावाची एक फ्लेमिश स्त्री लंडनमध्ये आली आणि भरपूर शुल्क घेऊन खळ देण्याची विद्या शिकवू लागली. गव्हाचे पीठ पोटाऐवजी गळपट्ट्यांत जाऊ लागले, तेव्हा ओरड झाली; सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात जेम्स राजाला गव्हापासून खळ करण्याविरुद्ध जाहीरनामे काढावे लागले. आपल्याकडे गावगाड्यात परटाला बलुते म्हणून धान्य मिळे.

हिंदुस्थानात कडक घडीला खरे राज्य मिळाले ते गणवेशामुळे, आणि त्यात एक गंमत आहे. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्सडेन याने गाइड्स पलटण उभारली आणि तिला लवकरच खाकी कपडे दिले. खाक म्हणजे धूळ. सैल, मळखाऊ, डोंगरातल्या मातीत मिसळून जाणारा हा पोशाख होता. त्यात दिमाखाला जागाच नव्हती. १८५७ च्या धामधुमीत अनेक गोऱ्या पलटणींनीही आपले पांढरे कपडे मातकट रंगवून घेतले. परंतु छावणीची शिस्त खाकीच्या मागे लागली. धुळीचा वेष खळीत बुडविला गेला, आणि अर्ध्या विजारी इतक्या ताठ होऊ लागल्या की पाय घालण्यापूर्वी त्यांचे चिकटलेले पदर हाताने सोडवावे लागत. कवायतीच्या मैदानावर शिपायाची परीक्षा त्या रेषेवरून होई. ती रेषा ओढणारे हात छावणीच्या धोब्याचे होते. ते कवायतीला उभे राहत नसत.

१९४३ साली बंगालात दुष्काळ पडला. कलकत्त्याच्या रस्त्यांवर आलेली खेड्यांतील माणसे दारोदार ‘फॅन’ मागत होती. फॅन म्हणजे भात वेळल्यावर उरलेले पाणी. भात मागण्याचे धैर्य त्यांना उरले नव्हते. याच पाण्याने बंगाली घरांत सुती साड्यांना आणि धोतरांना खळ देण्याची रीत होती. या दुष्काळाने लक्षावधी माणसांचे प्राण घेतले. त्या वर्षाच्या कलकत्त्यात परीटघडीचे धोतर नेसून बाहेर पडणाऱ्याच्या मनात काय येत असेल, याची कल्पना करवत नाही.

खळीचे राज्य रसायनशास्त्राने संपविले. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन यांनी ज्या पॉलिएस्टर धाग्याचा शोध लावला, तो पुढे टेरिलीन म्हणून ओळखला गेला. हा धागा पाणी फारसे पीत नाही; म्हणून पाण्याने त्याची घडी मोडतही नाही. मोठ्या उष्णतेखाली एकदा दाबलेली रेषा धुण्यातूनही टिकते. १९५७ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी लोकरी विजारीसाठी ‘सिरोसेट’ नावाची रासायनिक पद्धत काढली. सुती कापडाला राळेची प्रक्रिया देऊन घडी कायम करण्याचा मार्गही निघाला; मात्र त्यात तंतू ठिसूळ होतो आणि विजार नेमकी घडीच्या धारेवरच विरते. भारतात टेरिकॉट आले, आणि गणवेशांतही सुताला कृत्रिम धाग्याची जोड मिळाली.

परटाचे काम त्यामुळे हलके झाले, पण त्याच्या चुकीला क्षमा राहिली नाही. सुती विजारीवर वाकडी पडलेली रेषा पाण्याचा हात फिरवून पुसता येई. कृत्रिम धाग्यावर कढत इस्त्रीने बसलेली चुकीची रेषा सहज जात नाही, आणि ती घालविण्यासाठी इस्त्री आणखी तापविली तर कापडच चकाकते वा वितळते. एका पायावर दोन समांतर रेषा असलेली विजार आजही रस्त्यात दिसते. खऱ्या घडीशेजारची ती दुसरी रेषा अशीच बसलेली असते.