कै. सर विश्वेश्वरय्या : एक कुटुंबवत्सल इंजिनिअर

देवळाच्या जीर्णोद्धारात पक्क्या बांधकामाचा विषय निघाला, की सर विश्वेश्वरय्यांचे नाव निघतेच. 1861 साली म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी गावी त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले. आईने हिमतीने वाढविले. शिकवण्या करून ते शिकले, पुण्यास इंजिनिअर झाले व 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. 1903 साली खडकवासल्यास त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठराविक पातळीवर चढले की ते आपोआप उघडत, उतरले की मिटत. भिंत न वाढविता साठा वाढला.

1912 साली म्हैसूरचे दिवाणपद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी आप्तेष्टांस बोलावून, माझ्याकडे कोणीही शिफारस आणू नये, असे बजावले म्हणतात. एका नातलगास बढती नाकारली, पण पदरच्या पैशातून त्यास दरमहा मदत पाठविली, अशीही आठवण सांगतात. कचेरीत बसणाऱ्यास यातली अडचण विचारावी! नात्यातली माणसे लग्नकार्यातही दाखल्याचीच गोष्ट काढतात.

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, खडकवासल्याच्या जुन्या धरणासही भगदाड पडले. तेव्हा ते शंभरीच्या उंबरठ्यावर होते. 1962 च्या एप्रिलात ते गेले. त्यांची समाधी मुद्देनहळ्ळीसच आहे.