बलुत्यापासून हाटापर्यंत : कारागीर विक्रेता कसा झाला

नवी मुंबईत बेलापूर येथे सिडकोने उभारलेल्या हस्तकला-विक्रीकेंद्रास 'अर्बन हाट' असे नाव आहे. यातील 'हाट' हा शब्द संस्कृत 'हट्ट' याचे रूप होय. द्वित्त जाऊन मागील स्वर दीर्घ व्हावा, हा मराठीचा परिचित नियम. पुढे फारसी 'बाजार' रूढ झाला आणि शिष्ट मराठीत 'हाट' मुख्यत्वे 'बाजारहाट' या जोडशब्दापुरता उरला. 1994 मध्ये 'दिल्ली हाट' सुरू झाले व त्या धर्तीच्या सरकारी योजनेतून हा शब्द आपल्या शहरांत परतला. शब्द जुना असला तरी त्यामागील व्यवहार नवा आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (1915) या ग्रंथात वर्णिलेला सुतार, लोहार वा कुंभार हा रूढ अर्थाने विक्रेता नव्हे. गावाचे काम वर्षभर करावे आणि सुगीस धान्याचा वाटा घ्यावा, अशी ती रीत. तीत कारागिरास हक्क होता, परंतु एकेका वस्तूस स्वतंत्र किंमत नव्हती. जत्रेत वा आठवडेबाजारात थोडाफार माल विकला जाई, हे खरे. तथापि निर्वाहाचा मुख्य आधार बलुते हाच असे. यंत्राचा माल व रोख व्यवहार वाढला तसा हा आधार ढासळत गेला. हक्क गेला आणि गिऱ्हाईक शोधण्याचे काम कारागिराच्या माथी आले.

वारली चित्रकलेचे उदाहरण याहून बोलके आहे. लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनींनी लिहिलेला चौक हा विधीचा भाग होता. त्याचे मोल कोणी विचारीत नसे. 1970 च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने हे चित्र कागदावर आले. जिव्या सोमा म्हसे यांस 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार व 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. भिंत विकता येत नव्हती. कागद विकता येऊ लागला. त्याबरोबर विधीतील स्त्रियांचे सामूहिक काम मागे पडून चित्राखाली एका कलावंताची सही आली.

अशा हाटांतील गाळे सामान्यतः एक-दोन आठवड्यांकरिता फेरपाळीने देण्याची पद्धत आहे. नवख्या विक्रेत्यास एवढ्या अवधीत अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलावयाचे असते. मांडणीत हाताशी लागणारी स्वल्प किमतीची वस्तू आणि नजरेत भरणारी मोठी वस्तू, दोन्ही लागतात. खरी अडचण किमतीची. कच्चा माल, प्रवास व गाळ्याचे भाडे यांचा हिशेब सहज होतो. स्वतःच्या हातांचे दिवस मात्र हिशेबाबाहेर राहतात. त्यात घासाघीस सुरू झाली, की दिवसाची पहिली विक्री, म्हणजे 'भवानी', रिकामी जाऊ नये म्हणून वस्तू पडत्या भावाने दिली जाते. शब्दांतही हा भेद दिसतो : 'मोलमजुरी', 'मोलकरीण' यांतील 'मोल' श्रमाशी जोडलेले आहे, तर अरबी 'किंमत' वस्तूस चिकटते. आपल्या श्रमाचे मोल वस्तूच्या किमतीत उघडपणे धरणे, हाच विक्रेतेपणाचा पहिला धडा होय.

बलुत्यात हक्क होता, किंमत नव्हती. हाटात किंमत आहे, हक्क नाही. या स्थित्यंतराचा पुरावा दप्तरांइतकाच बोलीत साठलेला आहे. गाळ्यांवरील शब्दांचे पद्धतशीर संकलन विभागातील विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, इतके ते मोलाचे आहे.