गंज (जुन्या मोटारगाडीच्या पत्र्याचा)

लोखंडाचा पाणी व प्राणवायू यांच्याशी संयोग होऊन तयार होणारा तांबूस, ठिसूळ थर. तो सच्छिद्र असल्याने आतल्या धातूचे रक्षण करीत नाही. शिवाय मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्यामुळे रंगाला आतून उचलतो. रंगावर फोड दिसतो तेव्हा खालचा पत्रा बहुधा बराच गेलेला असतो. पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया झपाट्याने होते; म्हणून मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेतल्या गाड्या देशावरच्या गाड्यांपेक्षा लवकर सडतात.

मुंबईत कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी (फियाट ११००चा भारतीय अवतार, हे नाव १९७४पासून) हे याचे उत्तम उदाहरण. तिला वेगळी चासी नाही. बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे दाराखालचे सिल, फ्लोअर आणि सस्पेन्शन जोडलेल्या जागा यांतला गंज हा दिसण्याचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. पाणी साचते तिथे तो सुरू होतो: रबर मॅटखाली, डिकीच्या तळाशी, मडगार्डच्या कडेला चिखल धरणाऱ्या खोबणीत, छिद्रे बुजलेल्या दारांच्या तळात.

गाडी विकत घेण्यापूर्वी मॅट उचलून पाहावी आणि पत्र्यावर लोहचुंबक फिरवावा. तो चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) जाड भरलेली असते. स्क्रूड्रायव्हरने दाबल्यावर पत्रा दबला, तर तो वाचवण्यासारखा उरलेला नाही.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने घासून काढतात. खड्ड्यांत उरलेल्यावर फॉस्फोरिक आम्ल लावल्यास त्याचे स्थिर फॉस्फेट बनते. वाळूच्या माऱ्याने काम लवकर होते, पण दार-बॉनेटचा पातळ पत्रा त्याने वाकडा होतो आणि वाळूची धूळ फुप्फुसांना घातक असते. सुटे, लहान भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून विद्युत-अपघटनाने स्वच्छ करता येतात: भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, भंगार लोखंड धन टोकाला. स्टेनलेस स्टील धन टोकाला लावू नये. त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे सुटतात. हायड्रोजन वायू निघत असल्याने हे काम उघड्यावरच करावे.

आरपार गेलेल्या पत्र्याला एकच उपाय: निरोगी धातू लागेपर्यंत कापणे आणि तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा वेल्ड करणे. सडक्या पत्र्यावर दुसरा पत्रा ठोकून वर लांबी फिरवण्याची पद्धत सर्रास चालते, ती निषिद्ध मानावी. दोन पत्र्यांच्या फटीत ओल अडकते आणि नवा पत्राही आतून जातो. सिल कापण्याआधी दारांच्या चौकटीत लोखंडी आडवे टेके वेल्ड करून घेतात, नाहीतर बॉडी मधोमध खचते आणि दारे पुन्हा नीट बसत नाहीत. सलग लांब टाका न मारता थोड्या थोड्या अंतरावर टिपके देत गेल्यास पत्रा तापून वेडावाकडा होत नाही. पेट्रोलच्या टाकीला मात्र वेल्डिंगची ज्योत लावू नये. रिकाम्या टाकीतली वाफही स्फोट घडवते.

उघडा पत्रा एक रात्रही तसाच ठेवू नये, पावसाळ्यात तर तासाभरात तांबूस छटा येते. लगेच इपॉक्सी प्रायमर, मग सांध्यांना सीलर, मग रंग असा क्रम ठेवतात. सिलसारख्या बंद पोकळीत ब्रश पोहोचत नाही. तिथे नळीने पातळ मेण फवारतात, आणि ते वाळल्यावर निचऱ्याची छिद्रे तारेने मोकळी करतात.