व्यक्तिगत अध्यापन व शालेय सुरक्षा

व्यक्तिगत अध्यापन व शालेय सुरक्षा : प्रत्येक मुलाची शिकण्याची गती व त्याच्या उणिवा ध्यानात घेऊन त्याला स्वतंत्रपणे दिलेले शिक्षण म्हणजे व्यक्तिगत अध्यापन होय. शाळेत मुलाच्या जीविताला, शरीराला वा मनाला अपाय होऊ नये म्हणून केलेली व्यवस्था आणि त्यासाठी शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना दिलेले प्रशिक्षण यांचा अंतर्भाव शालेय सुरक्षेत होतो. शासनव्यवहारात हे दोन विषय निरनिराळ्या खात्यांकडे व कायद्यांकडे गेलेले आहेत. त्यांचा इतिहास मात्र परस्परांत गुंतलेला असून शाळेतील मोठी माणसे प्रत्येक मुलाला कितपत ओळखतात, या एकाच प्रश्नाभोवती तो फिरतो.

इंग्रजी अमदानीपूर्वी महाराष्ट्रात पंतोजींच्या गावठी शाळा होत्या. त्यांत इयत्ता नसत. कोणी धूळपाटीवर अक्षरे गिरवीत असे, कोणी पाढ्यांची उजळणी करी, तर कोणी मोडी वळण घोटीत बसे. प्रत्येक मुलाचा पाठ वेगळा असे व तो पुरा झाल्यावाचून पुढचा मिळत नसे. पुढे गेलेला मुलगा मागच्याला सांगे. या अर्थाने ती शाळा व्यक्तिगत अध्यापनाचीच होती; परंतु तिच्या गौरवात एक गोष्ट सहसा विसरली जाते. ओणवे उभे करणे, अंगठे धरावयास लावणे, छडीने मारणे या शिक्षाही तितक्याच व्यक्तिगत असत आणि त्यांविषयी दाद मागण्याची सोय नव्हती. शिवाय कनिष्ठ मानलेल्या जातींच्या मुलांना व मुलींना तिचे दार बहुतांशी बंदच होते.

एकोणिसाव्या शतकात इयत्ता, क्रमिक पुस्तके, वार्षिक परीक्षा व तपासनीस यांची पद्धत रूढ झाली. शिक्षण अधिकांपर्यंत पोहोचविण्यास ती आवश्यक होती. मात्र सर्व वर्गाला एकच धडा एकाच वेळी शिकविला जाऊ लागल्याने मागे पडणारे मूल निर्माण झाले, आणि त्याच्यासाठी खाजगी शिकवणीही. शाळेने सोडलेले काम पैसे देऊन घराबाहेरून विकत घ्यावे लागू लागले. ज्यांना ते परवडत नसे त्यांची मुले नापास होत व शाळा सोडीत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बालशिक्षणाच्या चळवळीने मुलाकडे पुन्हा एकेकटे पाहण्यास आरंभ केला. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) व ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि माँटेसरी पद्धतीला देशी रूप दिले. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ (१९१०–९२) त्यांना तेथे येऊन मिळाल्या. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली व अंगणवाडीची कल्पना जन्मास आली. पुढे कोसबाड येथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविण्यात आली. मूल गैरहजर असेल तर दोष शाळेच्या रचनेत शोधावा, ही या प्रयोगांतील खरी नवी दृष्टी होय. साहित्य व खेळणी यांच्या अनुकरणात पुष्कळांनी तीच वगळली.

या दृष्टीची सर्वाधिक निकड जेथे भासते, अशा प्रदेशांपैकी यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुका एक आहे. कापूस पिकविणाऱ्या या तालुक्यात मराठीभाषकांबरोबरच कोलाम, गोंड व बंजारा समाजांची वस्ती आहे. कोलामांच्या लहान वस्तीला ‘पोड’ म्हणतात. कोलामी ही द्राविड कुलातील भाषा असून तिचे वर्णन करणारा मरे बी. एमेनो यांचा ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषाशास्त्राला परिचित झालेली ही भाषा शाळेला मात्र दीर्घकाळ अपरिचितच राहिली. पोडावरील मूल पहिलीत येते तेव्हा त्याला अक्षर व भाषा ही दोन्ही नवी असतात. त्यात वेचणीच्या हंगामात घरच्यांबरोबर शेतावर जाणे आलेच. अशा मुलाला मंद ठरविणे सोपे असते. दोन शिक्षकांनी पाच इयत्ता सांभाळावयाच्या अशा छोट्या शाळेत पंतोजींचा निरनिराळा पाठ नाइलाजाने परत येतो. शिक्षकाला मुलाची बोली येत असल्यास ती अडचण राहत नाही, उलट सोयच ठरते.

तालुक्यातील आदिवासी विकासाची कामे पांढरकवडा येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाकडे असून आश्रमशाळा हा त्यांतील महत्त्वाचा भाग होय. महाराष्ट्रात शासकीय आश्रमशाळांची योजना १९७२-७३ पासून राबविली गेली. निवासी शाळेत अध्यापन व सुरक्षा यांची फारकत करताच येत नाही. शिक्षक, अधीक्षक, स्वयंपाकी व कामाठी हेच मुलांचे पालक होतात. रात्री चढलेला ताप, जमिनीवर निजलेल्या मुलाला झालेला सर्पदंश, दूषित पाणी, विजेची उघडी तार या प्रसंगी पहिली कृती त्यांनाच करावी लागते. सर्पदंश झाल्यास जखम कापणे, चोखणे वा आवळून बांधणे टाळावे, दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा व मुलाला विनाविलंब प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे, एवढे ज्ञान स्वयंपाक्याला असले तरी जीव वाचू शकतो. आपल्याला बरे वाटत नाही हे मूल कोणाला व कोणत्या भाषेत सांगणार, हा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य कळते.

मागे पडलेल्या मुलांना शाळेतच वेगळे शिकविण्याचा शहरी प्रयोग ‘प्रथम’ या संस्थेने मुंबईत केला. ‘बालसखी’ ही स्थानिक वस्तीतील तरुणी १५ ते २० मुलांना रोज सुमारे दोन तास मूलभूत वाचन व अंकगणित शिकवीत असे. मुंबई व बडोदे येथे २००१–०३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या पाहणीत या मुलांची प्रगती इतरांच्या तुलनेत स्पष्टपणे अधिक आढळली. बालसखीला मोठी पदवी नव्हती. मूल कोठे अडले आहे हे पाहण्याची तिला मुभा व उसंत होती, हे अधिक महत्त्वाचे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम २४ अन्वये प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता अजमावून आवश्यक तेथे जादा अध्यापन करणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरले, तर कलम २८ ने शिक्षकाला खाजगी शिकवणी करण्यास मनाई केली. कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध केला. पंतोजींच्या शाळेतील वैयक्तिक पाठ ठेवावा व छडी टाकावी, असा या तिन्ही कलमांचा एकत्रित आशय सांगता येईल.

इमारत व आपत्ती यांविषयीचे नियम मात्र दुर्घटनांमागून आले. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम् येथील शाळेला आग लागून ९४ मुले मृत्युमुखी पडली. यासंबंधीच्या याचिकेवर १३ एप्रिल २००९ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला आणि अग्निशामक साधनांबरोबरच कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचाही आदेश दिला. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये असा अपराध घडल्याचे कळताच पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक झाले. संस्थाप्रमुखाने ते न केल्यास त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथे शाळेतील सफाई कर्मचाऱ्याने दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार केल्याच्या आरोपावरून लोकक्षोभ उसळला. त्यानंतर शासनाने कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, तक्रारपेटी व सखी-सावित्री समित्या यांविषयी आदेश काढले. यांपैकी पेटीचा उपयोग लिहिता येणाऱ्या मुलालाच होतो. चार वर्षांच्या मुलीचे वागणे बदलले हे ओळखणारी बाई हवी असते, आणि त्यासाठी तिला प्रशिक्षण व हाताशी थोडी मुले असावी लागतात.

खाजगी शिकवणी या साऱ्या व्यवस्थेच्या कडेला राहिली. २४ मे २०१९ रोजी सुरत येथे एका व्यापारी संकुलातील शिकवणीवर्गाला आग लागून २२ विद्यार्थी दगावले. केंद्र शासनाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणीवर्गांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. त्यांत नोंदणी, अग्निसुरक्षा व १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश न देणे यांचा समावेश आहे. परंतु पन्नासांहून अधिक विद्यार्थी असलेली केंद्रेच त्यांच्या कक्षेत येतात. घरच्या पडवीत आठ-दहा मुलांना जमवून शिकविणारे गावोगावचे शिकवणीचालक त्यांबाहेर राहतात. प्रत्येक मुलाकडे लक्ष पुरविण्याची खरी शक्यता ज्या ठिकाणी सर्वाधिक असते, तेथील शिकविणाऱ्याला सुरक्षेचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी ही तत्त्वे कोणावरही टाकीत नाहीत.